मिनिटाला दोनशे चाळीस

“मावशी, हे तू ऐकू नकोस. तुला झेपणार नाही.”

हे सदर नेमाने वाचणाऱ्यांना ठाऊक आहे, की ‘झेपणार नाही’ एवढं कानावर पडलं की माझ्या हातून काय काय घडतं. याच शब्दांपायी मी राजगडाचा बालेकिल्ला चढले होते. उतरले कशी, तो मजकूर संपादकांनी जागेअभावी कापला, हेही तुम्हाला आठवत असेल. तर या वेळी बोलणारी होती माझी भाची. अकरावीत आहे, कॉलेज जवळ पडतं म्हणून आमच्याकडे राहते आणि रसायनशास्त्राचं पुस्तक उघडण्याआधी कानात काहीतरी खुपसते. मी तिच्या एका कानातलं काढून माझ्या कानात घातलं. पहिला विचार आला तो असा, की कुणीतरी मिक्सरच्या भांड्यात चमचा विसरून बटण दाबलंय.

माहिती थोडक्यात देते, कारण मलाही ती भाचीनं थोडक्यातच दिली. गाणारीचं नाव हात्सुने मिकू. ती हाडामांसाची नाही. साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीनं ३१ ऑगस्ट २००७ रोजी बाजारात आणलेलं ते सॉफ्टवेअर आहे, आत यामाहाचं व्होकॅलॉइड तंत्र. साकी फुजिता या आवाजाच्या कलाकार मुलीकडून जपानी उच्चारांचे तुकडे ध्वनिमुद्रित करून घेतले. आपण सूर आणि अक्षरं भरायची, यंत्र ते तुकडे जोडून गातं. खोक्यावर हिरवट निळ्या, दोन लांब शेपट्यांच्या मुलीचं चित्र. वय १६, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ४२ किलो. (सॉफ्टवेअरला वजन असतं आणि तेही ४२ किलो, ही गोष्ट मी अजून पचवते आहे.) गाणं म्हणजे ‘हात्सुने मिकू नो शोशित्सु’, मिकूचं नाहीसं होणं. रचणारा कॉस्मो या टोपणनावाचा संगीतकार. छोटी आवृत्ती २००७ च्या अखेरची, पूर्ण गाणं २००८ चं. वेग मिनिटाला २४० ठोके.

दोनशे चाळीस! म्हणजे सेकंदाला चार, आणि एकेका ठोक्यात कोंबलेली अक्षरं वेगळीच. एवढ्या गतीनं माझं हृदय चाललं तर आमचे डॉक्टर स्टेथोस्कोप बाजूला ठेवून थेट रुग्णवाहिका बोलावतील. आणि गंमत अशी, की खुद्द कंपनीनं मिकूची जी माहिती छापली आहे, तीत तिला मानवणारा वेग ७० ते १५० असा दिलेला आहे. म्हणजे यंत्रालासुद्धा झेपणार नाही असं यंत्र बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलं होतं. तिथे मला या मुलीबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

तरी माझी तक्रार होतीच. माझं गाणं गांधर्वच्या सुरुवातीच्या परीक्षांपुरतं, पण ऐकणं भरपूर. द्रुत तराणा चढत जातो, तान सुटते, तेव्हा श्रोता नकळत गाणाऱ्याचा श्वास मोजत असतो. आता संपेल, आता तुटेल, समेवर पोहोचेल की नाही? पोहोचला की आपण ‘वाह’ म्हणतो, ती दाद निम्मी सुटकेची असते. मिकूला श्वासच नाही. २४० काय, ३०० वर लावा. तिची छाती भरून येणार नाही. मग मी जीव कशासाठी मुठीत धरायचा? हे सगळं मी भाचीला ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, “तू शब्द वाच ना आधी.”

शब्दांचा अर्थ तिनं मोबाईलवर काढून दाखवला. एक गाणारं सॉफ्टवेअर आहे, ते पुसलं जाणार आहे, आणि त्याला ते कळलंय. आपण माणूस नाही हेही कळलंय. उरलेल्या वेळात आपल्या मालकाला निरोप द्यायचाय, आभार मानायचेत, म्हणून ते भराभरा बोलत सुटतं. बोलता बोलता बंद पडतं. म्हणजे जी गोष्ट तिच्याकडे नव्हती, संपणारा श्वास, ती या कॉस्मोनं गोष्टीतून तिला मिळवून दिली. लबाड माणूस आहे. घाई करायला त्यानं तिला कारण दिलं आणि माझा आक्षेप तिथे निम्मा खलास झाला.

उरलेला निम्मा खलास केला तो माणसांनी. हे गाणं माणसाला गाता येऊ नये असंच आहे, म्हणून जपानमधली पोरं ते गायलाच बसली. यंत्राचं गाणं स्वतः गाऊन त्याचा व्हिडिओ टाकायची तिकडे मोठी प्रथा आहे. असे काही प्रयत्न आम्ही दोघींनी जेवणं उरकल्यावर ऐकले. मिकू जिथे सपाट धावत जाते तिथे ही मंडळी धापा टाकतात, अक्षरं गिळतात, मध्येच हसू फुटतं. मला ती आवृत्ती मूळ गाण्यापेक्षा जास्त आवडली. भाचीला नाही. सेगाच्या मिकूवरच्या खेळात हे गाणं सगळ्यात अवघड गाण्यांत गणलं जातं. तिथे गायचं नसतं, बटणं दाबायची असतात, आणि भाची त्यात मधूनच पडते. मला तिथेही हात लावू दिला नाही.

पण या आठवड्यात मी खरी चिडले ती या गाण्यावर नाहीच. त्याच रात्री मला शोध लागला, की मी तिला दिवसभर जे आवाजी निरोप पाठवते, ते ही पोरगी दुप्पट वेगानं ऐकते. मी स्वयंपाकघरातून ते ऐकलं. ‘येताना कोथिंबीर आण, जुडी नीट बघून घे, मागच्या वेळची पिवळी होती’ हे माझंच बोलणं, माझ्याच आवाजात, पण किरट्या चिवचिवाटात दोन-तीन सेकंदांत उरकलं गेलं. “तू फार हळू बोलतेस गं,” असं वर कारण! आता कोथिंबीर पिवळी होती हे सांगताना मी ‘मागच्या वेळची’ नंतर मुद्दाम थांबते. त्या थांबण्यात उपदेश असतो, थोडी नाराजी असते, आणि तिच्या आईपर्यंत पोहोचावी अशी एक बातमीही असते. दुप्पट वेगात नेमकं तेवढंच गळून जातं आणि कोथिंबीर उरते. बहिणीला फोन करून तक्रार केली. तर ती दीडपटीनं ऐकते म्हणे. “तेवढा मान ठेवते मी तुझा,” असंही म्हणाली. आमच्या घराण्यात मी एकटीच विलंबितात उरले आहे.

मिकूला घाई होती, कारण तिला पुसणार होते. या दोघींना कुठे जायचंय, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मी आता निरोप लिहूनच पाठवते. ते अर्धेच वाचले जातात, पण निदान माझ्या आवाजाची विटंबना होत नाही.

असो. तुमच्यापैकी कुणाला मिकू ऐकायची झाली तर २४० पासून सुरुवात करू नका, शेजारी तक्रार करतील. आधी कुरोउसा-पी या संगीतकाराचं २०११ चं ‘सेनबोनझाकुरा’ ऐका. वेग १५४, म्हणजे कंपनीच्या मर्यादेच्या जेमतेम वर, आणि चाल अशी की दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना गुणगुणाल. ते मिकूकडून ऐकून झालं की साचिको कोबायाशी यांचंही शोधा. एन्का या जुन्या वळणाच्या गाण्यातल्या त्या नामवंत गायिका. ३१ डिसेंबर २०१५ ला, जपानभर पाहिल्या जाणाऱ्या एनएचकेच्या वर्षअखेरच्या कार्यक्रमात त्यांनी हेच यंत्राचं गाणं म्हटलं. तेव्हा त्यांचं वय ६२ होतं.