बरगे घालण्याचे दिवस

हस्ताचा पाऊस ओसरला की आपल्या सगळ्यांचे फोन वाजू लागतात. पवना, मुळशी, भंडारदरा काठोकाठ भरलेले असतात, डोंगर अजून हिरवे असतात आणि सकाळी नऊपर्यंत पाण्यावर सुरकुतीही उठत नाही. पॅडलबोर्डवर पहिल्यांदा उभे राहणाऱ्याला याहून सोपे पाणी वर्षभरात मिळायचे नाही. ऑक्टोबर हा आपल्या व्यवसायाचा पाडवाच. म्हणूनच हंगामाची गोष्ट याच अंकात बोलायला हवी.

हंगाम आपण आकाशाकडे पाहून ठरवतो. आपल्या नद्यांनी मात्र आकाशाचे ऐकणे केव्हाच सोडले आहे. कोलाडची कुंडलिका पाहा. तिच्यावर भर उन्हाळ्यातही राफ्ट चालतात, कारण मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून तिच्यात उतरते. वीजनिर्मिती थांबली की तासाभरापूर्वी बुडालेले खडक वर येतात. चिपळूणच्या वाशिष्ठीत वैशाखात वाहणारे पाणी पोफळीतून आलेले कोयनेचे असते. राधानगरीचे सात दरवाजे तर स्वयंचलित आहेत. पातळी गाठली की ते आपोआप उघडतात, कोणाच्या हुकुमाची वाट पाहत नाहीत. एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर पाणी भोगावतीतून पंचगंगेकडे निघते. खाली कोल्हापुरात तेव्हा लख्ख ऊन असू शकते. मोबाइलवरचा हवामान अंदाज त्या दिवशी खरा ठरेल, पण उपयोगाचा ठरणार नाही.

नदीवर बोर्ड घालणाऱ्यांसाठी वर्षातला सर्वांत फसवा काळ आत्ताच सुरू होतो आहे. ऑक्टोबरात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे खांबांमध्ये पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालायला सुरुवात होते. बरगे बसले की वरच्या अंगाला लांबलचक संथ फुगवटा तयार होतो. शिकवायला ते पाणी उत्तम, आणि फसगतही तिथेच आहे. बोर्डवर उभ्या माणसाला वरून बंधारा दिसतच नाही. पाण्याची एक सरळ रेघ दिसते आणि तिच्यापलीकडे थेट नदीचा खालचा काठ. पाणी बरग्यांवरून पडत असेल तर पायथ्याशी ते उलटे फिरते आणि तरंगणारी वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढते. लाइफ जॅकेट घातलेला माणूसही त्याला अपवाद नाही.

बरगे काढलेले असले म्हणजे वाट मोकळी, हा दुसरा गैरसमज. दोन खांबांमधला गाळा साधारण दोन मीटरचा असतो आणि आपला बोर्ड तीन मीटरहून लांब. तो आडवा झाला की दोन खांबांवर टेकून अडकतो, मागून पाण्याचा सगळा दाब त्याच्यावर येतो आणि लीशने बोर्डला बांधलेला माणूस गाळ्यातून पलीकडे ओढला जातो. शिवाय पुरात वाहून आलेली झाडे, जलपर्णी आणि गोधड्या त्याच गाळ्यांत अडकलेल्या असतात. बरगे घातलेले असोत वा काढलेले, बंधारा बोर्डवरून ओलांडायचा नाही. पुरेसे आधी काठाला लागायचे, बोर्ड डोक्यावर घ्यायचा आणि चालत पलीकडे जायचे.

वेल्समधील हॅवरफर्डवेस्ट येथे ३० ऑक्टोबर २०२१ रोजी पुराच्या पाण्यात निघालेला नऊ जणांचा गट गावातल्या बंधाऱ्यावरून खाली गेला आणि चौघांचा जीव गेला. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास यंत्रणेने नियोजनातल्या त्रुटींबरोबर वाहत्या पाण्याला अयोग्य असलेल्या लीशवरही बोट ठेवले. पुढे बंधारा आहे हे सहभागी लोकांना नीट सांगितलेलेही नव्हते. सहल चालवणाऱ्या कंपनीच्या मालकिणीला २०२५ मध्ये साडेदहा वर्षांची कैद झाली. तो एक बंधारा होता. आपल्याकडे पंचगंगेच्या खोऱ्यात एकामागून एक बंधारे आहेत.

म्हणून लीशबद्दल स्पष्ट बोलू. धरणाच्या जलाशयात घोट्याला बांधलेली लीश जीव वाचवते. वाऱ्यावर सुटलेला बोर्ड पोहून गाठता येत नाही, आणि तिथे बोर्ड हेच माणसाचे सर्वांत मोठे तरंगते साधन असते. वाहत्या पाण्यात तीच लीश फांदीत किंवा खांबात अडकली तर प्रवाहाच्या जोरापुढे वाकून घोट्यापर्यंत हात पोहोचत नाही. नदीवर जायचे तर कमरेला, लाइफ जॅकेटच्या वर, एका झटक्यात सुटणारा पट्टा हवा. नुसता पट्टा पुरत नाही. तो ताणलेला असताना, न बघता, डाव्या हातानेही सोडता आला पाहिजे, आणि हा सराव आधी शांत पाण्यात झाला पाहिजे. अनेकांच्या किटमध्ये आजही सगळीकडे एकच लीश असते, कारण ती बोर्डबरोबर फुकट आलेली असते.

फेब्रुवारीनंतर धोक्याचे रूप बदलते. दुपारी पश्चिमेचा वारा घाट चढून येतो आणि पवना-मुळशीच्या खोऱ्यांतून सुसाटत पूर्वेकडे जातो. उभा माणूस त्याच्यासाठी शीडच असतो. सकाळी वाऱ्याच्या दिशेने गेलेला नवखा गट दुपारी त्याच वाऱ्याविरुद्ध परत येऊ शकत नाही, म्हणून जाताना वाऱ्याला तोंड द्यावे आणि परतताना त्याची मदत घ्यावी. वारा वाढला की आधी गुडघ्यावर बसावे, तरी जमेना तर पोटावर झोपून हातांनी पाणी मारावे. पाणी उतरते तशी बुडालेली झाडांची खोडे, जुन्या भिंती आणि मच्छीमारांची जाळी वर येतात. पवनेतले वाघेश्वराचे आणि उजनीतले पळसदेवचे मंदिर उघडे पडलेले बघायला लोक गर्दी करतात. आपण त्यातून एवढे शिकावे की फिन आखूड लावावी. कृष्णेत सांगलीच्या पट्ट्यात मगरी आहेत. तिथे बोर्ड नेऊच नये.

मे महिन्यात वळीव. २१ मे २०२४ रोजी उजनीत अचानक उठलेल्या वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटली आणि सहा जण बुडाले. इंजिनाची बोट जिथे टिकली नाही, तिथे हवेने फुगवलेला बोर्ड काय टिकणार? या दिवसांत अकराच्या आत सगळे काठावर असावेत, आणि गडगडाट ऐकू आला की बाकीचा कार्यक्रम रद्द. मृग लागल्यापासून हस्तापर्यंत नद्या आपल्यासाठी बंद. ते चार महिने बोर्डाचे सांधे आणि व्हॉल्व्ह तपासण्याचे, प्रथमोपचार आणि बचावाचे प्रशिक्षण ताजे करण्याचे.

राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने नोंदणी आणली, हे चांगलेच झाले. पण नोंदणीच्या कागदावर खालचा बंधारा दिसत नाही. तो दाखवण्याचे काम आपले. हा हंगाम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक केंद्राने आपल्या पट्ट्यातले सगळे बंधारे, पंपांची खेचणी, पुलांचे खांब आणि काठाला लागायच्या जागा पायी फिरून नकाशावर उतरवाव्यात. वरच्या धरणाच्या पाटबंधारे शाखा कार्यालयाचा फोन त्याच नकाशावर लिहावा आणि निघण्यापूर्वी विसर्गाची चौकशी करावी. फोन लागला नाही, तर नदी सोडून तलावावर जावे. ग्राहक कुरकुरतील, काही पैसे परत मागतील, शेजारचा चालक त्याच दिवशी गट घेऊन जाईल. तरीही, आपल्या पट्ट्याखालच्या पहिल्या बंधाऱ्याचे नाव आणि त्याचे बरगे आज घातलेले आहेत की काढलेले, हे ज्या गटप्रमुखाला सांगता येत नाही, त्याच्या हाती कोणीही गट सोपवू नये.