व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम मात्र सहा महिन्यांचा!

बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात जरा वेळ उभे राहा. गाइड आणि प्रॅक्टिकल बुकांच्या गर्दीत एखादी जाड फाइल दिसतेच. मुलाचे निमंत्रणपत्र, बँक स्टेटमेंट, पेन्शनचे कागद, फ्लॅटचा इंडेक्स टू. लेक किंवा सून बाळंत होणार आणि आई-बाबा निघालेत. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, ‘कुठला व्हिसा लवकर मिळेल?’

माझ्या मते इथेच चूक होते. किती दिवस राहायचे आणि तिथे काय करायचे, हे आधी ठरायला हवे.

मुदत वेगळी, मुक्काम वेगळा

अमेरिकेचा बी-१/बी-२ व्हिसा भारतीयांना बहुतेकदा १० वर्षांचा मिळतो. पण एका खेपेत किती राहायचे, हे तिथे उतरल्यावर अधिकारी ठरवतो. साधारण ६ महिने. ती तारीख आय-९४ नोंदीत असते. ती ओलांडली की १० वर्षांचा व्हिसाही बाद. १८० दिवसांपेक्षा जास्त जादा राहून परतलात तर ३ वर्षे प्रवेशबंदी, वर्ष किंवा अधिक झाले तर १० वर्षे. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा दीर्घ मुदतीचा घेतला, तरी एका भेटीत ६ महिन्यांची मर्यादा कायम.

देश बदलला, गणित बदलले

जर्मनी, नेदरलँड्ससह शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत फक्त ९० दिवस राहता येते. तिथे आधी लेकीची आई आणि तीन महिन्यांनी सासूबाई, अशी पाळी लावणेच शहाणपणाचे.

कॅनडाच्या सुपर व्हिसावर एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येते. मात्र मुलगा किंवा मुलगी तिथली नागरिक किंवा पीआर हवी. नुसत्या वर्क परमिटवर हा व्हिसा मिळत नाही. किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमाही लागतो.

ऑस्ट्रेलियात सबक्लास ६०० वर जास्तीत जास्त १२ महिने मिळू शकतात. त्याहून लांब राहायचे तर पालकांसाठी वेगळा सबक्लास ८७० आहे, ३ किंवा ५ वर्षांचा.

आजी की आया?

नातवंडाला सांभाळायला जातोय हे सांगायचे की लपवायचे, यावर घरोघरी कुजबुज चालते. ‘फिरायला चाललोय म्हणा’ हा सल्ला सर्वांत धोक्याचा. ब्रिटनच्या नियमांत, भेट थोड्या दिवसांची असेल आणि ती नोकरीसारखी नसेल, तर आजी-आजोबांनी नातवंड सांभाळायला हरकत नाही. खोटे बोलणे मात्र महागात पडते. ब्रिटनमध्ये अर्जात फसवणूक आढळली तर १० वर्षे बंदी येऊ शकते, अमेरिकेत तर दार कायमचे बंद होऊ शकते.

म्हणून परदेशातल्या मुलांना एक सांगणे. अर्ज तुम्ही रात्री लॅपटॉपवर भरता, एजंट सबमिट करतो. पण त्यातल्या उत्तरांची जबाबदारी आई-बाबांची असते. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला उत्तरही त्यांनाच द्यायचे असते. सबमिट करण्याआधी व्हिडिओ कॉल लावा आणि पूर्ण अर्ज त्यांना मराठीत वाचून दाखवा. अर्धा तास जाईल. तेवढा त्यांच्यासाठी काढाच.