हसविण्याची विद्या

शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादा मुलगा व्यासपीठावर एकटाच उभा राहतो आणि केवळ शब्दांच्या बळावर सारा मंडप हसवितो. ते पाहून अनेकांना वाटते, की ही उपजत देणगी आहे. ती शिकून येत नाही. हा समज बरोबर नाही. गाण्याला जसा रियाज लागतो, तसा विनोदालाही लागतो.

पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगभूमीवर उभी केली. पुढे मराठवाड्यातील प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगात बावन्न व्यक्ती एकट्याने रंगविल्या. खेड्यातले वऱ्हाडी विमानाने परदेशी निघतात, एवढाच त्याचा विषय. पण त्यातील प्रत्येकाचे बोलणे निराळे, रुसणे निराळे. असे बारकावे माणसांत वावरूनच सापडतात.

धारूरच्या मुलांना ही शाळा घराबाहेरच भेटते. बाजारात सीताफळांचा वाटा लावणारी विक्रेती आणि तिच्याशी हुज्जत घालणारे गिऱ्हाईक, घाट चढणाऱ्या एस. टी. गाडीत जागेवरून पेटणारा वाद, हे सारे कान देऊन ऐकावे आणि वहीत टिपून ठेवावे.

टिपलेले मांडण्यातही कौशल्य आहे. एक मुलगा घरी येऊन सांगतो, "शर्यतीत माझा दुसरा क्रमांक आला." आई कौतुकाने त्याच्या हातावर पेढा ठेवते. मग वडील विचारतात, "धावणारे किती होते?" तो म्हणतो, "दोघे!" हेच 'दोघे' आरंभी सांगितले असते, तर कोण हसले असते? गंमत शेवटपर्यंत राखून ठेवावी लागते. लिहून झाल्यावर ते मित्रांना वाचून दाखवावे आणि जेथे कोणी हसत नाही, ते वाक्य निर्दयपणे खोडावे.

परंतु कौशल्यापेक्षाही मोठी गोष्ट आहे, ती विवेकाची. बीड जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी दूर जातात. महिन्यांनंतर परतलेल्या मुलाचा पाढा वर्गात चुकतो. त्याची नक्कल करून हशा मिळविणे अगदी सोपे असते. कदाचित तो मुलगाही भिडेपोटी हसेल. पण दुसऱ्या दिवशी त्याचे पाऊल शाळेकडे वळेल का? एका मुलाची शाळा सुटावी, एवढी त्या हशाची किंमत खचित नाही.

म्हणून नवशिक्याने पहिला विनोद स्वतःवर करावा. शर्यतीतला तो मुलगा आपल्याच फजितीवर सर्वांना हसवितो. त्यात कोणाचेही मन दुखावत नाही. स्वतःची फजिती हसतहसत सांगता येऊ लागली, म्हणजे दुसऱ्याची फजितीही ममतेने पाहता येते. दुबळ्याला खाली पाहावयास लावणारा तो विनोद नव्हे. ज्याच्या हसण्यात सर्वांना सामील होता येते, तोच खरा विनोद.