गळ्याआधी मान

शहापूर-मुरबाड पट्ट्यात हरिनाम सप्ताह बसला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखाद्या तरी बुवांचा आवाज बसतो. मग खडीसाखर येते, ज्येष्ठमध येतं, माईकवाल्यालाही दोन शब्द ऐकावे लागतात. आटगावच्या मांडवात कुणी बुवांच्या गळ्याऐवजी पाठीकडे पाहावं. पेटी जमिनीवर, डावा हात भात्यावर, कंबरेत पोक, मान पुढे, हनुवटी वर. त्यात पट्टी काळी चार. तार षड्ज लागतो खरा, पण मानेच्या शिरा टरारून फुगतात.

हे दुखणं आपल्याच मातीत फार पूर्वी ओळखलं गेलं. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात गायकाचे २५ दोष सांगितले आहेत आणि त्यातले बरेचसे सुरांचे नव्हेत, शरीराचे आहेत. दात आवळून गाणारा संदष्ट, गाल फुगवणारा तुंबकी, मान वाकडी करणारा वक्री, उंटासारखी मान उंचावणारा करभ. कपाळ, चेहरा आणि मानेच्या शिरा फुगवून गाणारा तो झोंबक.

आजचं शरीरशास्त्र त्याचं कारण सांगतं. स्वरयंत्र हनुवटीखालच्या, नालाच्या आकाराच्या एका छोट्या हाडाला लटकलेलं असतं. हे हाड दुसऱ्या कुठल्याही हाडाला सांध्याने जोडलेलं नाही. जीभ, जबडा, छातीचं हाड, खांद्याचं हाड, सगळ्यांशी त्याचं नातं स्नायूंचं. म्हणून जबडा आवळला की ताण स्वरयंत्रापर्यंत पोचतो. पोक काढून बसलं की पोट दाबलं जातं, बरगड्यांना फुलायला जागा उरत नाही आणि श्वासाची उणीव गळा भरून काढू पाहतो.

हाच ताण एका कलाकाराने स्वतःवरच पकडला. टास्मानियात १८६९ साली जन्मलेला एफ. एम. अलेक्झांडर रंगमंचावर कविता म्हणायचा. आवाज घोगरा होई, विश्रांतीने सुधारे आणि कार्यक्रमात पुन्हा बसे. अखेर तो आरशासमोर उभा राहिला. बोलायला लागताच आपण डोकं मागे ओढतो, स्वरयंत्र खाली दाबतो आणि तोंडाने श्वास हिसकून घेतो, हे त्याला दिसलं. नुसतं ‘नीट’ उभं राहून भागेना. आधी जुनी खोड थांबवावी लागली. १९०४ मध्ये तो लंडनला गेला. तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये यातूनच घडलेलं त्याचं तंत्र आजही शिकवलं जातं.

आपल्याकडे मात्र शिष्याला ‘ताठ बस’ एवढंच सांगतात. तो छाती काढून बसतो आणि एका ताणाच्या जागी दुसरा येतो. त्यापेक्षा बैठकीखाली घोंगडीची घडी घालावी, म्हणजे गुडघे कंबरेपेक्षा खाली राहतात आणि पाठ आपसूक सरळ होते. पेटी बुटक्या पाटावर ठेवावी. धृपद गाताना मोबाइलवर चित्रण करावं आणि नंतर आवाज बंद करून नुसतं पाहावं: खांदे कधी वर गेले, दात कधी आवळले. तालमीची पहिली दहा मिनिटं यालाच द्यावीत.

भजन स्पर्धांच्या परीक्षकांनीही सूर, ताल, शब्दोच्चार यांच्या बरोबरीने बैठकीला गुण ठेवावेत. गुण दिसले की मंडळं तालीम बदलतील, आणि ज्या पोराने नुकती पेटी हाती घेतली आहे त्याला ही खोड लागण्याआधीच कुणीतरी थांबवेल.