नांगर धरला कीं नाहीं?

यवतच्या माणसापुढें ‘नांगर’ हा शब्द उच्चारला तर त्याच्या डोळ्यांसमोर बैल उभे राहतात. मालवणच्या माणसापुढें उच्चारला तर होडी. मराठीनें या दोन्ही वस्तूंस एकच नांव दिलें, हें आम्हांस फार मार्मिक वाटतें. कारण होडीचा नांगरही निव्वळ वजनानें धरीत नाहीं, फाळानें धरतो. १९३३ सालीं जेफ्री टेलर या इंग्रज शास्त्रज्ञानें पाण्यावर उतरणाऱ्या विमानांकरितां जो हलका नांगर रचला, त्यास आकार शेतांतल्या नांगराच्या फाळाचाच आहे.

हा विषय आतां कोंकणापुरता राहिलेला नाहीं. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें. तेव्हांपासून यवतहून सोलापूरच्या सडकेनें भिगवणास गेलें कीं होड्या दिसतात, आणि हिवाळ्यांत मुलेंमाणसें रोहित पक्षी पाहावयास त्यांत बसतात. याच जलाशयांत २१ मे २०२४ रोजीं कुगांवहून कळाशीस जाणारी होडी वादळी वाऱ्यानें उलटून ६ जणांचे प्राण गेले. चालत्या होडीचें तें संकट नांगरानें टळलें असतें, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु उघड्या पाण्यावर वारा सांगून येत नाहीं, एवढें त्यावरून ध्यानांत धरावें.

पाणी १० फूट खोल आहे म्हणून १० फूट दोर सोडून भागत नाहीं. तसें केल्यास ओढ सरळ वर बसते व फाळ उपटून येतो. होडीच्या पुढच्या टोकापासून तळापर्यंत जितकें अंतर, त्याच्या ५ ते ७ पट दोर सोडावा. वारा वाढल्यास आणखी. नांगराजवळ कांहीं हात सांखळी असावी. तिच्या भारानें दांडा तळाशीं आडवा राहतो. नांगर भिरकावूं नये. वाऱ्याकडे तोंड करून तो हलकेच सोडावा, होडी मागें सरकूं द्यावी, आणि मग दोर पुढच्या खुंट्यास आंवळून फाळ रुतला कीं नाहीं हें खेचून पाहावें. मागच्या बाजूस बांधल्यास लाटा आंत येतात.

नंतर कांठावरचें एक झाड व त्यामागचें देऊळ एका रेषेंत धरावें. ती रेष मोडून पुन्हा जुळेना, तर नांगर घसरत आहे असें समजावें. उजनीच्या पोटांत जुनीं गांवें बुडालेलीं आहेत. अशा ठिकाणीं फाळाच्या मागच्या बाजूस बारीक दोर व त्यास तरंगता डबा बांधावा. अडकलेला नांगर त्यायोगें उलट ओढून सुटतो.

घरची मंडळी होडींत बसण्यापूर्वीं कर्त्या माणसानें नावाड्यास तीन गोष्टी विचाराव्या: सर्वांस पुरतील इतकीं तरंगतीं जाकिटें आहेत काय, नांगर आहे काय, आणि दोर किती लांब आहे? विचारण्यांत संकोच कसला? बैल विकत घेतांना आपण त्याचे दांतसुद्धां मोजतों!