दोष चोचीचा नाही

"कोंबडीची जातच तशी," म्हणून हात झटकणारी माणसं मला पटत नाहीत. परवा फुलंब्रीकडच्या एका शिकलेल्या पाहुण्यानं हौसेच्या कोंबड्या दाखवल्या. बाजेएवढं पत्र्याचं खुराडं, आत बारा कोंबड्या, पाण्याला एकच भांडं. कोपऱ्यात एक तलंग अंग चोरून उभी. पाठीचं पीस न् पीस उपटलेलं, मांस उघडं पडलेलं. पाहुणा म्हणाला, "लई भांडकुदळ हायेत. समद्यायच्या चोची डागून घेतो."

मला माय आठवली.

1972 च्या दुष्काळात आमच्या दारातल्या कोंबड्या अशाच चवताळल्या होत्या. उकिरडा वाळून खडखडीत, त्यात ना किडा ना मुंगी. ज्वारी माणसालाच नव्हती. आम्ही लेकरं सुकडीवर जगत होतो. काबरी कोंबडी एका तलंगीला रक्त येईस्तोवर टोचायची. रक्त दिसलं की बाकीच्याही तुटून पडायच्या. बापानं सुरी काढली. माय आडवी आली, "उपाशी आपुन ठेवलं, अन् गुन्हा तिच्या चोचीचा व्हय?"

तिनं तलंगीच्या जखमेला हळद लावली, वर राख दाबून लाल रंग झाकला आणि तिला डालग्याखाली ठेवलं. काबरीला आठवडाभर गोठ्यात एकटी कोंडली. परत आली तेव्हा तिचा तोरा उतरला होता. आम्हाला बांधावरच्या वाळवी लागलेल्या काटक्या आणायला धाडलं. त्या अंगणात दोन-तीन ठिकाणी झटकल्या. पाण्याची खापरंही दोन झाली. टोचाटोची हळूहळू थांबली.

कोंबड्यांत वरची-खालची असते, हे खरंच. श्येल्डरूप-एब्बे नावाच्या नॉर्वेच्या माणसानं 1922 साली ती उतरंड लिहून ठेवली. पण एकदा पायरी ठरली की एक नजर पुरते. रक्त सांडायची गरज उरत नाही. ते सांडतं जागा कमी पडली, दाणा कमी पडला किंवा परकी कोंबडी एकाएकी आत टाकली की. आणि या तिन्ही गोष्टी मालक करतो.

पाहुण्याला मी एवढंच म्हणालो, "चोच डागली तर टोचणं कमी होईल, पण बिचारीला दाणा टिपणंही जड जाईल. अन् खुराडं तेवढंच राहील. आधी दिवसा मोकळं सोडा. दाणापाणी दोन जागी ठेवा. तलंगीला बरी होईस्तोवर वेगळी ठेवा, पण बाकीच्यायच्या नजरंसमोर. मग अंधार पडल्यावर आत बसवा. एवढं करूनही नाही थांबल्या तर मला बोलवा. तेव्हा चोचीला दोष देऊ."

अजून तरी बोलावणं आलेलं नाही.