गाडीत एक छोटा स्टोव्ह असू द्या

ऑफ-रोड ड्रायव्हिंगची हौस आता आपल्याकडच्या तरुणांतही चांगलीच रुजली आहे. पुणे, मिरज, मालेगाव, कुठूनही मुलं थेट लडाखपर्यंत गाडी नेतात. टायर, विंच, जादा दिवे यांवर हजारो रुपये खर्च होतात. पण गाडीत स्टोव्ह आहे का, असं विचारलं की हसतात. ‘ढाबे असतातच ना!’ हे उत्तर ठरलेलं.

ढाबे असतात, हे खरं. मनाली-लेह रस्त्यावर भरतपूर, सरचू, पांग इथे उन्हाळ्यात तंबूतले ढाबे लागतात. पण दरड कोसळली किंवा बारालाचा खिंडीत अवेळी बर्फ पडला, की शेकडो गाड्या एकाच जागी थांबतात. ढाबेवाल्याकडचं रॉकेल, पीठ, गॅस, सगळं खालून ट्रकने आलेलं असतं. तिथे झाडं नाहीत, म्हणून सरपणही नाही. स्थानिक लोक वाळवून ठेवलेल्या शेणावर हिवाळा काढतात. अशा ठिकाणी रिकाम्या हाताने जाणारा माणूस आपली जोखीम त्यांच्या तुटपुंज्या साठ्यावर टाकतो. मला यात साहस दिसत नाही, परावलंबन दिसतं.

आमच्या घरात प्रवासाच्या शिदोरीला तोशा म्हणतात. मी म्हणेन, दुर्गम भागात तोशा म्हणजे नुसतं अन्न नव्हे, ते गरम करायची सोयही. गाडीत लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर अडकलेल्या रात्री गरम पाण्याची किंमत कळते. वाहतं पाणी गोठलं तर बर्फ वितळवूनच पाणी मिळवावं लागतं.

स्टोव्ह निवडताना मात्र नुसता आकार पाहू नका. बाजारात सहज मिळणारे डबे बहुधा ब्यूटेनचे असतात. समुद्रसपाटीला ब्यूटेन उणे 0.5 अंशाला उकळतो, प्रोपेन उणे 42 ला. उंचीवर हा आकडा आणखी खाली जातो, तरी गोठवणाऱ्या रात्री निव्वळ ब्यूटेनची ज्योत मंदावते. म्हणून प्रोपेन मिसळलेला डबा घ्यावा, किंवा पंपाचा रॉकेल स्टोव्ह. गॅसचा डबा उन्हात तापलेल्या बंद गाडीत ठेवू नये. 50 अंशांची मर्यादा त्यावर छापलेली असते, ती वाचा. बारालाचाच्या उंचीवर पाणी साधारण 84 अंशांनाच उकळतं, त्यामुळे डाळ-तांदूळ शिजायला इंधन फार जळतं. सातूचं पीठ, शेवया, खजूर, चहा-साखर एवढं पुरे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: हा स्टोव्ह गाडी गरम करायला नाही. 2022 च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात पर्यटकांच्या गाड्या रात्रभर अडकल्या आणि वीसहून अधिक माणसं दगावली. थंडीबरोबरच कार्बन मोनॉक्साइड हेही कारण सांगितलं गेलं. बर्फाने सायलेन्सर बुजला आणि इंजिन चालूच राहिलं, तर हा वायू गाडीत शिरतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्या माणसाला तो जागंही करत नाही. बंद गाडीत किंवा तंबूत पेटवलेला स्टोव्ह हेच करू शकतो. स्टोव्ह बाहेर, वाऱ्याच्या आडोशाला पेटवायचा. उब हवी असेल तर गरम चहा प्या, बाटलीत गरम पाणी भरून पांघरुणात घ्या.

सह्याद्रीत हाच नियम वेगळ्या कारणाने पाळावा लागतो. मार्च-एप्रिलमध्ये वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार गुन्हा आहे. तिथे थर्मासच बरा.

विंचची गरज कधी पडेल, कधी पडणार नाही. भूक आणि थंडी मात्र अडकलेल्या प्रत्येक रात्री येतात. एका गाडीत एक स्टोव्ह, दोन दिवसांचं इंधन, एक पातेलं आणि दोन काडेपेट्या; सगळं मिळून एका पिशवीत मावतं. ते सोबत असेल तर मागच्या गाडीतल्या अनोळखी माणसालाही कपभर चहा देता येतो.